जुने वाफेचे इंजिन : आधी पाणी, मग आग



बॉयलर अग्निप्रदीपनाला आपण दरवर्षी येता. नारळ फुटतो, भट्टी पेटते. पण त्याआधी बॉयलर आतून साफ करून तपासून घेतलेला असतो, ते कोणाच्या नजरेस येत नाही. ही तपासणी कशासाठी, हे शेतीच्या एका जुन्या इंजिनावरून चांगले समजेल.

ट्रॅक्टर येण्यापूर्वी अमेरिकेत गव्हाची मळणी व मोठी नांगरट वाफेच्या इंजिनांवर चाले. तिकडचे शेतकरी ती इंजिने आजही हौसेने जपतात, जत्रेत चालवून दाखवतात. २९ जुलै २००१ रोजी ओहायो राज्यात मेडिना येथे जत्रेच्या मैदानावर असेच एक ११० अश्वशक्तीचे इंजिन फुटले. पाच माणसे दगावली, पन्नासच्या आसपास जखमी झाली.

कारण काय? भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली हवा. पाणी त्याची उष्णता ओढून घेते. पाणी उतरले की पत्रा तापून मऊ पडतो व वाफेच्या दाबाने फाटतो. मग तापलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, तोच स्फोट. मेडिनाला पाणी कमी पडले होते, आणि पत्राही गंजून झिजला होता.

पत्र्यात कथिल भरलेला एक प्लग असतो. पाणी उतरले की कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, वाफ भट्टीत शिरते आणि चालक सावध होतो. मात्र प्लगवर क्षारांचा थर चढला तर त्याचा भरवसा नाही.

म्हणून जुने इंजिन चालवताना :

१) पेटवण्यापूर्वी काचेत पाणी पाहावे. काचेचे नळ तुंबलेले नाहीत याची खात्री करावी.

२) उतारावर जपावे. इंजिनाचे तोंड खाली झाले की पाणी पुढे पळते व पत्रा उघडा पडतो.

३) काचेत पाणी दिसेनासे झाले तर घाईने पाणी सोडू नये. आधी आग दाबावी.

४) क्षार काढून, पत्र्याची जाडी मोजून, पाण्याच्या दाबावर बॉयलर तपासून घ्यावा.

या अपघातानंतर ओहायोत अशा इंजिनांची तपासणी व चालकाचा परवाना कायद्याने सक्तीचा झाला.

घासलेले पितळ जत्रेत सर्वांना दिसते, झिजलेला पत्रा दिसत नाही. हंगामाच्या तोंडावर बॉयलरच्या कामाला चार दिवस जास्त लागले, की "साहेब, मोळी कधी टाकताय?" अशी विचारणा सुरू होते. उसाची काळजी आम्हालाही आहे. पण भट्टीपुढे उभे राहणारे कामगार आपल्याच घरची पोरे आहेत. ते चार दिवस त्यांच्यासाठी आहेत.

– ऊस विकास अधिकारी