डाव्यांच्या बैठकीत आपली ओळख

कामगार संघटनेचे शिबिर असो, कंत्राटी सफाई कामगारांची सभा असो की कॉलेजातल्या पोरांचा अभ्यासवर्ग असो, डाव्या विचारांच्या मंडळींत गेले की पहिला अर्धा तास ओळखीत जातो. नाव, गाव, कामाचे ठिकाण आणि शेवटी राजकीय विचार. पहिल्या तीन गोष्टी आपली माणसे धडाधड सांगतात. चौथ्या प्रश्नाला मात्र जीभ अडखळते. कुणी "आम्ही पुरोगामी" म्हणून वेळ मारून नेतो. कुणी समोरच्यांना बरे वाटावे म्हणून त्यांचेच शब्द त्यांना ऐकवतो. कुणी नुसता "जयभीम" घालून खाली बसतो, आणि मग चहाच्या वेळी बाजूला उभा राहतो.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आज पुन्हा घरोघर आला आहे. २०१९ आणि २०२० साली संसदेने चार श्रमसंहिता मंजूर केल्या आणि कामगारांचे जुने २९ कायदे त्यांत गुंडाळले. कायम नोकरी दुर्मिळ झाली. महापालिकेची झाडू, घंटागाडी, हॉस्पिटलातील वॉर्डबॉय, सोसायटीचा वॉचमन, सगळीकडे कंत्राटदार बसला. या कामांत आपलीच माणसे जास्त, आणि त्यांच्या बाजूने कोर्टात व रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या संघटना बऱ्याच ठिकाणी डाव्या विचारांच्या. मुंबई महापालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायम केला. त्या कामगारांत बहुसंख्य दलित समाजातील होते. तेव्हा आपला पोरगा किंवा आपली सून लाल झेंड्याच्या सभेला जाणारच. विहारातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "पोरगं लाल झालं." सभेतली मंडळी म्हणतात, "हा अजून जातीतच अडकलाय." दोन्हीकडून ऐकून घेणाऱ्या त्या पोराला आपण काय देणार? शिव्या द्यायच्या की इतिहास द्यायचा?

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून आधी जमेची बाजू घेतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला, त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. त्याच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १९३८च्या जानेवारीत कोकणातील खोतीविरुद्ध हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून आले, त्या मोर्चात बाबासाहेबांबरोबर कम्युनिस्ट पुढारीही होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ७ नोव्हेंबर १९३८ला मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला तो स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांचा मिळून होता. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणून संपावर बंधने घातली होती. संप करण्याचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे अशी बाजू बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडली होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८वर आले. आठ तासांची पाळी म्हणतात ती हीच. ज्या कॉम्रेडला हे ठाऊक नसेल त्याला आपण शांतपणे सांगावे.

१९४७ साली संविधान सभेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, विमा सरकारकडेच असावा, शेती हा सरकारी उद्योग असावा आणि जमीन गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक कसायला द्यावी, असे लिहिले आहे. हे सगळे संविधानातच घाला, म्हणजे उद्याचे बहुमत ते पुसू शकणार नाही, असाही त्यांचा आग्रह होता. आंबेडकरवाद म्हणजे फक्त राखीव जागा असे समजणाऱ्या डाव्या मित्राने हे निवेदन वाचले की तो गप्प होतो. आपल्यातलेही कितीजण ते वाचतात हा निराळा प्रश्न.

आता नावेची बाजू. तीही लपवू नये, कारण ओळख सांगताना अडखळायला होते ते तिच्यामुळेच.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचा खात्यात, घेत नसत. तिथे धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा पुढचा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही! पगार तर साचा खात्यातच चांगला. आपली माणसे कमी मजुरीच्या खात्यांत राहिली. ही अडवणूक मालकाने केलेली नव्हती, बरोबरीच्या कामगारानेच केली होती. १९२८च्या मोठ्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी मागण्यांच्या यादीत घ्या, असा आग्रह बाबासाहेबांना संपाच्या पुढाऱ्यांकडे धरावा लागला. १९३६च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात त्यांनी समाजवाद्यांना जो प्रश्न केला आहे, त्याच्या मागे गिरणीतला हा धोटा आहे असे आम्हाला नेहमी वाटते. गरिबांनाच एकमेकांत वरचा-खालचा भेद प्रिय असेल, तर ते एकजुटीने उठणार कसे, हा तो प्रश्न.

आणि १९५२. पहिल्या लोकसभेला उत्तर मुंबईत बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. त्याच मतदारसंघात कम्युनिस्ट पक्षाचे कॉम्रेड डांगे उभे होते. मते कुजवण्याचा प्रचार केला असा आरोप ठेवून बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. अर्ज फेटाळला गेला. आपल्या जुन्या चाळींतून मात्र तो पराभव अजून फेटाळला गेलेला नाही. लाल झेंडा दिसला की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते ती उगीच पडत नाही.

या दोन बाजूंच्या मधे एक माणूस उभा आहे, आणि त्याची ओळख आपल्या मुलांना करून दिली पाहिजे. कॉम्रेड आर. बी. मोरे. रामचंद्र बाबाजी मोरे, महाडकडचे. १९२७च्या १९ आणि २० मार्चला महाडला जी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि जिच्यानंतर बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ती परिषद भरवण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत मोरे पुढे होते. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस. १९३० साली ते कम्युनिस्ट झाले. पण बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर तसूभरही कमी झाला नाही. जन्मभर ते पक्षात राहिले आणि जन्मभर पक्षाला लेखी सांगत राहिले की अस्पृश्यतेचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नाच्या पोटात आपोआप विरघळणार नाही, त्यासाठी वेगळे लढावे लागेल. १९७२ साली ते गेले. त्यांच्या मुलाने त्यांचे चरित्र पूर्ण केले, ते आता इंग्रजीतही आले आहे. दोन्ही घरांत ज्याला खरे बोलावे लागते त्याला दोन्ही घरांत थोडे उपरे राहावे लागते. मोऱ्यांनी ते सोसले, तक्रार न करता.

त्यांच्यासारखे नंतरही झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ला आणि पुन्हा १९६४-६५ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमिनीसाठी लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्या लढ्याला डाव्यांची साथ होती आणि त्यावरून रिपब्लिकन पक्षातच दादासाहेबांना बोल लावले गेले. १९७२ला दलित पँथर निघाली आणि दोन वर्षांत फुटली. भांडण तेच होते, मार्क्स की बुद्ध. धुळ्याकडे शरद पाटलांनी १९७८ला सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून मार्क्स, फुले, आंबेडकर अशी एकत्र मांडणी केली. म्हणजे आज आपल्या पोराला पडलेला प्रश्न नवा नाही. त्याला तो एकट्याला पडल्यासारखे वाटते एवढेच.

मागे एका उपनगरातल्या युनियनच्या हॉलमध्ये आम्ही शिबिराला गेलो होतो. ओळखीची पाळी आमच्यावर आली. आम्ही नाव सांगितले, कचेरी सांगितली आणि "आम्ही आंबेडकरवादी, बौद्ध" असे म्हटले. एक तरुण, चांगल्या घरचा, शिकलेला, नम्र मुलगा उठून म्हणाला, "काका, धर्म ही खाजगी बाब आहे. इथे वर्गाबद्दल बोलूया." हॉलमध्ये शांतता पसरली. आम्ही त्याला विचारले, "बाळ, या हॉलचा संडास कोण साफ करतं? त्याचा वर्ग कोणता आणि जात कोणती, दोन्ही सांग." तो बिचारा गोंधळला. मग मागच्या रांगेतल्या, आमच्याच वस्तीतल्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मीच करते. जयभीम." त्यानंतर जी चर्चा झाली ती खरी चर्चा. तो मुलगा नंतर आमच्याशी बराच वेळ बोलत बसला. काठमांडूचे भाषण कुठे मिळेल असे विचारत होता.

ते भाषण प्रत्येकाने वाचावे असेच आहे. २० नोव्हेंबर १९५६, महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब मार्क्स आणि बुद्ध यांच्यावर बोलले. शोषण संपले पाहिजे या ठिकाणी त्यांनी दोघांना जवळ आणले. फरक दाखवला तो मार्गात. बळजबरीने आणि हुकूमशाहीने आणलेली समता, बळ निघून गेले की टिकेल का, हा त्यांचा सवाल होता. याच विषयावरच्या आपल्या लेखनात ते भिक्खूच्या मालकीच्या आठ वस्तू मोजून दाखवतात. तीन चीवरे, कमरबंद, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. खाजगी मालमत्ता सोडण्याचा नियम संघात अडीच हजार वर्षांपूर्वीच होता, तोही शिपाई न लावता. त्यानंतर १९९१ला सोव्हिएत रशिया कोसळला. बाबासाहेब तेव्हा नव्हते, पण त्यांचा सवाल होता.

मग ओळख काय सांगावी? आम्ही वस्तीतल्या पोरांना सांगतो की पाठ केलेले काही म्हणू नका. आपले काम सांगा, पगार सांगा, कंत्राटदार किती कापतो ते सांगा. मग म्हणा, आम्ही आंबेडकरवादी आहोत, मालकाशी तुमच्याबरोबर लढू, आणि तुमच्या-आमच्यातल्या जातीशीही लढू. तुम्ही दुसऱ्या लढाईत आहात का? हे विचारायला लाजू नका. रागावूही नका. "लाल सलाम" कुणी केला तर हात वर करायला काही हरकत नाही, आपला "जयभीम" त्याच्या पाठोपाठ मोठ्याने आला पाहिजे. आणि घरच्यांनी पोरगा सभेहून आला की पहिल्यांदा जेवायला वाढावे, चौकशी नंतर करावी.

एक गोष्ट राहिली. भगिनी सभेत उभ्या राहिल्या की "मी अमक्याची बायको" अशी सुरुवात करतात. त्यांना पगार मिळतो तो त्यांच्या नावाने, हजेरीच्या वहीत नाव त्यांचे. बैठकीतही आधी तेच सांगावे. आमच्या वस्तीतल्या त्या बाईंनी नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांच्या पाळीतल्या बायकांनी त्यांनाच युनियनच्या समितीवर पाठवले. आता त्या दर पंधरवड्याला सभेचे इतिवृत्त लिहायला आमच्याकडे वही घेऊन येतात. अक्षर सुधारले आहे.