तेहतीस फुटांची साखळी

जळगावातल्या मेहरूणमधल्या प्लॉटचे खरेदीखत काढले, की पहिल्याच पानावर ‘मौजे मेहरूण’ येते. पाठोपाठ सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, मग चतुःसीमा. जळगावची महापालिका होऊन वीस वर्षे उलटली, बोरांच्या बागा मागे हटल्या, तलावाच्या आसपास कॉलन्या उभ्या राहिल्या. पण कागदावर मेहरूण अजून गाव आहे आणि त्याची शीव पक्की आहे. ती पक्की केली एका लोखंडी साखळीने.

इंग्लंडच्या एडमंड गंटरची साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्म्या लांबीची चालली: ३३ फूट, १६ भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. लांबी-रुंदीला ३३ फूट धरले की १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मेहरूणमध्ये आज गुंठ्याचा भाव विचारणारा माणूस याच साखळीचा हिशेब बोलत असतो.

साखळी दोघांनी धरायची. पुढचा ती ताणून खुंटी रोवी, मागचा खुंटी उपटत पुढे सरके. त्याच्या हाती किती खुंट्या जमल्या यावरून लांबी कळे. शेताच्या लांबच्या दोन कोपऱ्यांमध्ये सरळ रेषा धरायची, तिच्यावर शंकू उभा करायचा, शंकूच्या फटींतून पाहून बाजूचा कोपरा काटकोनात पकडायचा आणि तिथवर साखळी न्यायची. कितीही वाकडेतिकडे शेत असो, ते त्रिकोणांत आणि पट्ट्यांत मोडले जाई. आकडे उतरत टिपणावर. टिपण प्रमाणात काढलेले नसते, ती हाताने आखलेली आकृती असते. तरीही भावाभावांत बांधावरून वाद पेटला की मूळ टिपण शोधले जाते. या साध्या कागदाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण साखळी शेतात आली ती शेतसाऱ्यासाठी. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात नवी पद्धत बसवली: प्रत्येक शेताला नंबर, जमिनीची प्रत आणे-पैत ठरवायची आणि सारा ३० वर्षांसाठी बांधायचा. १८५२ मध्ये ही मोजणी खानदेशात शिरली आणि लोक उठले. सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागात शेतकरी मोठ्या जमावांनी गोळा झाले. मोजणी बंद करा, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारने फौज आणली, पुढारी पकडले आणि साखळी पुन्हा चालू झाली. त्या लोकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. गावची जमीन किती आणि कशी, हे तोवर पाटील-कुलकर्ण्यांच्या माहितीत असे. ते एकदा सरकारी दप्तरात गेले की घासाघीस संपणार, हे त्या शेतकऱ्यांनी बरोबर ओळखले होते.

गावांच्या शिवा साखळीने पडल्या, मोठ्या सरहद्दी मात्र तहांनी आणि करारांनी. अजिंठ्याच्या डोंगररांगेशी इंग्रजांचा खानदेश संपे आणि निजामाचा मुलूख लागे. लेणी जळगावहून साठेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून शंभरावर. तरी ती त्या जिल्ह्यात मोडतात, कारण ती निजामाच्या बाजूला पडली. डांगात भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये सागवानासाठी जंगल भाडेपट्ट्याने घेतले. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव वनाच्या रेषा आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसणारा माणूस त्याच जागी गुन्हेगार ठरू लागला. खानदेशातल्या सगळ्या रेषांत मला हीच सर्वांत क्रूर वाटते.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा तालुक्यांची काही गावे गुजरातकडे गेली. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात गावांची नावे आहेत. म्हणजे गावाची शीव हीच तिथे राज्याची सरहद्द झाली. नवापूरचे रेल्वे स्थानक दोन्ही राज्यांपेक्षा जुने. त्याची तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातमध्ये.