सुट्टीतले ग्रंथालय आणि पुस्तकाचा 'दाखलअंक'

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा असो वा राज्याचा अन्य कोणताही भाग, तेथील 'शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय' हे बहुधा सरकारी कार्यालय नसते. ती स्थानिक नागरिकांनी चालवलेली नोंदणीकृत संस्था असते, जिला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 या कायद्यान्वये मान्यता मिळते आणि 'अ' ते 'ड' या वर्गवारीनुसार अनुदान दिले जाते. नव्या पुस्तकांची खरेदी या तुटपुंज्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते.

विकत घेतलेले पुस्तक लगेच कपाटात जात नाही: त्यावर संस्थेचा शिक्का उमटतो, दाखल नोंदवहीतील अनुक्रमांक, म्हणजेच 'दाखलअंक', आतल्या पानावर लिहिला जातो, कण्यावर वर्गांकाची चिठ्ठी चिकटते आणि त्यानंतरच ते देवघेवीसाठी खुले होते.

मे महिन्यात शाळा बंद असल्याने ग्रंथालयात बालवाचकांसाठी गोष्टी सांगण्याचे आणि चित्रकलेचे उपक्रम याच काळात सोयीचे ठरतात, आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटली जाणारी वारली चित्रे ज्या मातीतली, त्या पालघरमध्ये त्यासाठी विषय शोधावा लागत नाही. याच परिसरातील वारल्यांच्या 1945 च्या लढ्यावरील गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (साहित्य अकादमी पुरस्कार, 1972) हे पुस्तक बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या हाती पडणे, हे कोणत्याही नव्या खरेदीइतकेच अगत्याचे आहे.