तट पडला, छायाचित्र उरले

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर रोज लाखो प्रवासी चढतात-उतरतात. पण ज्या दरवाजावरून हे नाव पडले, तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. आज त्याचे दर्शन घडते ते केवळ जुन्या छायाचित्रांत.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी आपल्या वसाहतीभोवती तट उभारला. अपोलो, चर्च आणि बाजार असे त्याचे तीन दरवाजे होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर धास्तावलेल्या इंग्रजांनी तटाबाहेर खंदकही खोदला. पुढे शत्रूचे भय सरले आणि तटाच्या आत दाटी वाढली. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. चर्च गेटच्या परिसरात १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले.

सुदैवाने तोवर छायाचित्रणकला मुंबईत रुजली होती. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातील नामवंत छायाचित्रकार.

ही चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. काचेवर रसायनाचा ओला थर देऊन प्रतिमा घेण्याची ती पद्धत. प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. त्यामुळे इमारत स्पष्ट उमटे. मात्र चालती माणसे, धावत्या गाड्या पुसट होत किंवा उमटतच नसत. चित्रात रस्ता ओस दिसतो, म्हणून तो तसा होताच असे नव्हे.

तट गेल्याने मोकळ्या झालेल्या पट्ट्यात उच्च न्यायालय, विद्यापीठ अशा वास्तू उभ्या राहिल्या. या परिसराचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एका वारशाच्या जागी दुसरा आला; पहिल्याची साक्ष कॅमेऱ्याने राखली.

लहान गावांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. शिंदखेडा, दोंडाईचा परिसरासह खानदेशात जुन्या धाब्याच्या घरांची जागा सिमेंटची घरे घेत आहेत. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, कोरीव चौकटी यांची चित्रे कुठल्याही सरकारी दप्तरात नसतील. असलीच तर ती घरोघरच्या लग्नाच्या अल्बमात, वऱ्हाडी मंडळींच्या पाठीमागे असतील. असे अल्बम रद्दीत जाण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक चित्रामागे गल्लीचे नाव आणि साल लिहून ठेवले, तरी उद्याच्या अभ्यासकाला तोच पुरावा ठरेल.