शेवट आधीच लिहून ठेवलेली अपुरी कादंबरी

१९१४च्या ऑगस्टमध्ये, युरोपात महायुद्ध नुकतंच पेटलेलं असताना, प्रागमधल्या एका एकतीस वर्षांच्या विमा-अधिकाऱ्याने रात्री कादंबरी लिहायला घेतली. फ्रान्झ काफ्काची ही कादंबरी म्हणजे ‘द ट्रायल’. याआधीची त्याची कादंबरी अर्ध्या वाटेत अडकून पडली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्याने सुरुवातीचं आणि शेवटचं प्रकरण जवळपास एकदमच लिहून टाकलं. नायकाला अटक होते ती सकाळ तयार होती आणि त्याला ठार मारलं जातं ती रात्रही तयार होती. आता फक्त मधलं अंतर कापायचं होतं.

ते कापून झालं नाही. १९१५च्या जानेवारीत त्याने हात टेकले. पुढे नऊ वर्षं तो जगला, पण कादंबरी अपुरीच राहिली.

लिखाण अडतं ते पुढे काय होणार हे सुचत नाही म्हणून, अशी आपली समजूत असते. काफ्काला तर शेवट ठाऊकच नव्हे, कागदावर उतरलेला होता. म्हणजे अडवणारं काहीतरी वेगळंच असलं पाहिजे. कपाटात अर्धवट वह्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस जवळून पाहावा असं मला मनापासून वाटतं, कारण ‘सगळं जाळून टाक’ म्हणणारा लेखक ही त्याची ओळख फारच अर्धी आहे. त्याने बरंच काही पूर्ण केलं, छापायला दिलं, लोकांसमोर वाचलंसुद्धा. भीती शेवटपर्यंत सोबत होती आणि तरीही कागद बाहेर पडत राहिले. हे कसं झालं?

आधी त्याचा दिवस पाहू. सकाळी आठ ते दुपारी दोन कचेरी. कामगारांच्या अपघात-विम्याच्या त्या संस्थेत तो १९०८ ते १९२२ नोकरीला होता. दुपारी जेवून झोप, संध्याकाळी फिरणं, घरच्यांबरोबर जेवण, आणि रात्री दहा-साडेदहानंतर लिखाण. अशा दिनक्रमात छोटी कथा एका दमात धरता येते. कादंबरीचं तसं नसतं. तिच्यात रोज रात्री नव्याने शिरावं लागतं, आणि काल रात्रीच्या व आजच्या रात्रीच्या मधल्या वीस तासांत मनातला परीक्षक जागा होऊन कालची पानं तपासायला बसतो. ‘मेटामॉर्फोसिस’ लिहिताना त्याला कचेरीच्या कामासाठी मध्येच प्रवासाला जावं लागलं. त्या खंडाने गोष्टीचं नुकसान झालं, ही खंत त्याला राहिली. वर्षभराने ती वाचताना त्याला तिचा शेवट वाचवेना, तसं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. आज जगभर शिकवली जाते ती ही कथा!

१९१४च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ‘द ट्रायल’साठी म्हणून कचेरीतून रजा काढली, दोन आठवड्यांची. त्या रजेत कादंबरी फारशी हलली नाही. पूर्ण झाली ती ‘इन द पीनल कॉलनी’ ही वेगळीच कथा. ज्याच्यासाठी वेळ काढला ते तिथेच राहिलं आणि ज्याच्यावर कुणाचा डोळा नव्हता ते हातावेगळं झालं. लिहिणाऱ्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. ज्या कामावर आपण सगळी आशा लावून बसतो, त्याच्या प्रत्येक वाक्याला ती आशा पेलावी लागते. मनातली कादंबरी अजून शंभर प्रकारची होऊ शकते, कागदावरचं वाक्य मात्र एकाच प्रकारचं असतं. पूर्ण करायचं म्हणजे उरलेल्या नव्व्याण्णव शक्यता स्वतःच्या हाताने सोडून द्यायच्या. मला वाटतं, शेवटाची भीती इथे असते. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

आता १९१२चा उन्हाळा. माक्स ब्रोड हा त्याचा मित्र म्हणजे हट्टी माणूस. तो काफ्काला लाइपझिगच्या प्रकाशकाकडे घेऊन गेला. तिथल्या भेटीत काफ्काने त्या प्रकाशनसंस्थेतल्या कुर्ट वोल्फला सांगितलं, की माझं लिखाण छापण्यापेक्षा तुम्ही ते परत पाठवलंत तर मी तुमचा जास्त ऋणी राहीन. वोल्फच्या ती भेट जन्मभर लक्षात राहिली. पण ब्रोडने पाठ सोडली नाही. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी काफ्का आपली छोटी छोटी लिखाणं घेऊन त्याच्या घरी गेला, क्रम लावायला. तिथे बर्लिनहून आलेली एक तरुणी बसली होती, फेलिस बाउअर, पुढे ज्या मुलीशी त्याचा दोनदा वाङ्‌निश्चय झाला आणि दोनदा मोडला ती. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रोडला कळवलं, की काल त्या मुलीच्या प्रभावाखाली क्रम लावताना काहीतरी वेडेपणा झाला असेल, एकदा बघशील का. किती माणसासारखं आहे हे! शेवटच्या क्षणी मन शेकडो कारणं शोधतं. तरीही बाड पाठवलं गेलं. अठरा छोट्या लिखाणांचं पुस्तक झालं, ८०० प्रतींचं. इतका कमी मजकूर, की टाइप शक्य तितका मोठा वापरा, अशी विनंती काफ्कानेच केली होती.

आणि मग सप्टेंबर. २२ तारखेच्या रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला उठला तेव्हा ‘द जजमेंट’ ही कथा पूर्ण होती. पाय इतके आखडले होते, की टेबलाखालून बाहेर काढणं मुश्कील. मोलकरीण पहाटे आली तेव्हा अंथरूण तसंच होतं, न विस्कटलेलं. त्याने तसाच बहिणींच्या खोलीत जाऊन कथा वाचून दाखवली. साहेबांना एका कार्डावर चिठ्ठी धाडली: किंचित भोवळ आली, थोडा ताप आहे, पण आज येईनच, बाराच्या पुढे का होईना. डिसेंबरात तीच कथा त्याने प्रागमध्ये श्रोत्यांसमोर वाचली.

मला चकित करतो तो या घटनांचा क्रम. जुनी, लाजत लाजत जपलेली लिखाणं आधी हातातून गेली, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा खरा आवाज त्याला सापडला. एकामुळेच दुसरं झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण चार वर्षांनी तसंच पुन्हा घडलं, तेही जास्त कठीण परिस्थितीत.

१९१६च्या १० नोव्हेंबरला काफ्काने म्युनिकच्या एका कलादालनात ‘इन द पीनल कॉलनी’ वाचली. प्रयोग पडला. वर्तमानपत्रांनी नावं ठेवली आणि काफ्काला त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी पटलंही. म्हणजे ज्याची भीती वाटते तेच, चारचौघांत, आपल्याच तोंडून. यानंतर माणूस वर्षभर लेखणीला हात लावणार नाही असं वाटेल. पण त्याच महिन्यात त्याची धाकटी बहीण ओटला हिने प्रागच्या किल्ल्यालगतच्या अल्केमिस्टांच्या गल्लीतलं २२ नंबरचं घर त्याला संध्याकाळपुरतं वापरायला दिलं. घर इतकं चिमुकलं, की हात वर केला तर छताला लागावा. कचेरी संपली की तो तिथे जाई, लिही, आणि रात्री उशिरा चालत उतरून घरी येई. त्या हिवाळ्यात त्याने एकामागून एक कथा पूर्ण केल्या. ‘अ कंट्री डॉक्टर’ या संग्रहातल्या बहुतेक कथा तिथल्याच. संग्रह त्याने वडिलांना अर्पण केला. त्याचं पुस्तक हातात आलं की वडील म्हणत, ठेव तिकडे पलंगाशेजारी.

दिवाळी अंकाची मुदत टळू नये म्हणून रात्र जागवणाऱ्या आपल्याकडच्या लेखकांनाही यातली निम्मी गोष्ट माहीत असते: बाहेर कुणीतरी वाट पाहत असावं लागतं. काफ्काकडे ब्रोड होता, बहिणी होत्या, कथा ऐकणारी दोन-चार माणसं होती. त्यांची स्तुती त्याला कधीच पुरली नाही. त्यांचं ऐकून घेणं मात्र पुरलं.

लिखाण जाळून टाकण्याबद्दल ब्रोडसाठी लिहिलेल्या चिठ्ठीत काय होतं, तेही सांगायला हवं. १९२२च्या त्या चिठ्ठीत त्याने सहा गोष्टी वगळल्या आहेत: प्रसिद्ध झालेली पाच पुस्तकं, आणि ‘अ हंगर आर्टिस्ट’ ही कथा. म्हणजे जे त्याने स्वतः पूर्ण मानून सोडलं होतं त्यातलं बरंचसं त्याला कबूल होतं. आगीत जायचं होतं ते अर्धवट राहिलेलं.

१९२४च्या वसंतात तो व्हिएन्नाजवळ किर्लिंगच्या आरोग्यधामात होता. क्षय घशात उतरला होता, बोलणं बंद, गिळणं जवळपास अशक्य. औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून, छापू नका म्हणणारा हाच माणूस ब्रोडला एक कथा लवकर छापून आणायला सांगून चुकला होता. ती गाणाऱ्या उंदरीची कथा होती, ‘जोसेफिन’. छापून आल्यानंतर त्याला तिचं नाव अपुरं वाटलं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने चिठ्ठीवर लिहिलं, की नावापुढे ‘किंवा उंदरांचा समाज’ एवढं जोडायचं. त्याच अंथरुणावर त्याने आपल्या शेवटच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला घेतली. त्यात उपाशी राहणाऱ्या कलावंताची कथाही होती. ३ जूनला तो गेला. ऑगस्टमध्ये चार पूर्ण कथांचं ते पुस्तक बर्लिनहून निघालं, आणि जोसेफिनच्या कथेचं नाव त्याने सांगितलं होतं तसंच छापलेलं होतं.