नोकरी सुटली, करार सुटतो काय?

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी खासगी शिकवणीवर्गाचे खरे भांडवल इमारत नव्हे, गणित चांगले शिकविणारा शिक्षक होय. तो उद्या पलीकडच्या गल्लीत स्वतःची पाटी लावील आणि निम्मी मुले त्याच्यामागे जातील, ही चालकाची धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणून नेमणुकीच्या वेळीच मुद्रांकावर लिहून घेतले जाते की, नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या गावात शिकविणार नाही. सही करणाऱ्याला नोकरी हवी असते. तो कागद वाचतो तो राजीनाम्याच्या दिवशी, आणि घाबरतो.

हे घाबरणे बव्हंशी अनाठायी आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाने कोणासही कायदेशीर पेशा वा धंदा करण्यास रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरविला आहे. अपवाद धंद्याचा लौकिक विकणाऱ्याचा, नोकराचा नव्हे. इंग्लंडमधील न्यायालये अशा बंधनाचा वाजवीपणा तपासतात; आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंधनाला ती सवलतही नाही.

नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र निराळी. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनने टायरच्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. 1963 मध्ये पाच वर्षांच्या कराराने नेमलेला, कारखान्यानेच शिकवून तयार केलेला पाळी-पर्यवेक्षक वर्ष-दीड वर्षातच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये त्याच्यावरील मनाई हुकूम कायम केला. पण तो कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता, म्हणजे मार्च 1968 पर्यंतच. उलट, 2006 मध्ये श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान याला जाहिरातीच्या करारातील मुदतीनंतरची अट लागू करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला.

याचा अर्थ सही केलेला प्रत्येक कागद निरर्थक, असा मात्र कोणी घेऊ नये. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरविली. भरतीचा खर्च व अकाली गेलेल्या अधिकाऱ्यामुळे होणारी अडचण न्यायालयाने लक्षात घेतली. बँकेच्या परीक्षा देणाऱ्या तरुणांनी हा निकाल ध्यानात ठेवलेला बरा.

शिकवणीवर्गाच्या चालकालाही कायद्याने अगदीच उघड्यावर सोडलेले नाही. ठरलेल्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्यास मनाई, पूर्वसूचनेची अट, गोपनीय कागदांचे रक्षण, एवढे त्याला मागता येते. शिक्षकाने कचेरीतील मुलांच्या पत्त्यांची वही उचलून नेली, तर न्यायालयात दाद मागता येईल. मुले आपण होऊन नव्या पाटीखाली जाऊन बसली, तर मात्र ती कोणालाच मागता येणार नाही.