अंदाजपत्रकात न धरलेला ऊस

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, कवाड नसतं. 2011 साली इथं युको बँकेनं कुलूप नसलेली शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली. याच नेवासे तालुक्यातल्या पाण्याच्या हिशेबाची मात्र कधी बातमी होत नाही.

तो हिशेब 1972च्या दुष्काळापासून मांडावा लागतो. नगर जिल्ह्यातली माणसं खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली. तिची खरी हुशारी जमेच्या बाजूला होती. पैसा कुठून आणायचा, हे आधीच ठरलं: 1975चा व्यवसाय कर, ओलिताच्या जमिनीवर खास आकारणी, आणि यातून जमा होईल तेवढीच भर सरकारी तिजोरीतून. 1977 साली कायदा झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच कराचे.

मस्टर भरलं, मजुरी मिळाली. पण नालाबांध एका खात्याचा, चर दुसऱ्याचे, पाझर तलाव तिसऱ्याचा. याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, हीच सरकारी कामं एका पाणलोटाच्या आराखड्यात बसवली. वर ऊस, केळी आणि सिंचनाच्या बोअरवेलवर बंदी घातली. बंदीला निधी लागत नाही. भावकीत वाईटपणा घ्यावा लागतो, आणि तो धरायला कुठल्याच अंदाजपत्रकात रकाना नसतो.

2019 साली जलजीवन मिशन आलं. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर, देशभराचा मूळ अंदाजित खर्च 3 लाख 60 हजार कोटी. 2024ची मुदत पुढे 2028पर्यंत गेली. शनी अमावास्येला शिंगणापुरात लोटणारी गर्दी या माणशी सूत्रात कुठं बसवायची, हा प्रश्न आहेच. पण तो किरकोळ. मोठा प्रश्न उसाचा. एक खातं पिण्याच्या पाण्यासाठी पाइप टाकतं, दुसरं मुळा धरणाच्या कालव्यातून उसाला पाणी सोडतं. शेजारी सोनईला साखर कारखाना उभा आहे. दोन्ही खर्च वेगवेगळ्या पुस्तकांत छापले जातात, म्हणून दोन्ही वाजवी दिसतात.

तुमच्या ग्रामसभेत नळयोजनेचं अंदाजपत्रक वाचलं जाईल, तेव्हा पाइपच्या लांबीआधी उद्भव विहिरीभोवती किती एकर ऊस आहे ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.